एवढं एक खोटं बोलली असतीस

काल तुझ्यासाठी सभा भरली होती, जानकी, आणि मी ती अर्ध्यात टाकून निघून आले.

सभा म्हणजे काय, माळावर शाळेसाठी जो मांडव घातलाय त्यात सगळे भुईवर बसले होते. गाव अजून ओस आहे. प्लेग उतरला म्हणतात, पण घरी परतायचा हुकूम नाही, त्यामुळे आपली अख्खी शिवाजी पेठ अजून तट्ट्यांच्या झोपड्यांतच. हेडमास्तर बोलायला उभे राहिले. "जानकीबाई म्हणजे बिगरीच्या लेकरांची आई होत्या," म्हणाले. मी ऐकून घेतलं. "त्यांच्या नव्या नव्या प्रयोगांना या शाळेनं नेहमीच उत्तेजन दिलं," म्हणाले, तेव्हा माझी कानशिलं तापली. तरी बसून राहिले. मग माझ्या मागची एक बाई शेजारणीच्या कानात कुजबुजली. आपल्या पेठेतली बाई ती, तिची कुजबुज चार झोपड्यांना ऐकू जाते. "त्या काटंउंदरानंच खाल्ली की तिला. शाळंत उंदीर पाळतंय व्हय कोण?"

मी उठले. वळून म्हणाले, "त्याला मारला तेव्हा पेठेत एका माणसाला ताप नव्हता. आणि तो उंदीर नव्हता. ही बाई तुमच्याच पेठेतल्या पोराच्या उशाशी बसून मेली."

हेडमास्तर म्हणाले, "यमुनाबाई, प्रसंग काय, आपण बोलता काय!" मग मी चालू लागले ते झोपडीत येऊनच थांबले.

तुझ्यासाठी मी अजून रडलेले नाही. रडू येतच नाही. राग येतो. त्या बायकांचा येतो, हेडमास्तरांचा येतो, श्रीपतीचा तर इतका येतो की त्याचं नाव घेताना दात आवळले जातात. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त तुझा येतो. म्हणून हे तुझ्याशीच बोलते आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू निघून गेलीस. असं कुणी करतं का?

तो आला त्या दिवशी मी पहिलीच्या वर्गात पाढे घेत होते. तुझ्या बिगरीच्या वर्गातून एकदम किंकाळी आली. आपल्या वर्गांच्या मधे नुसतं तट्टं. धावत आले तर तू भुईवर पालथी पडलेली, गाल जमिनीला टेकलेला, आणि भोवती सगळी पोरंही तशीच पालथी. तुमच्या मधोमध नारळाएवढा एक काटेरी गोळा. कडेला तुझ्या वर्गातल्या दादूचा मामा रिकामी पाटी घेऊन उभा. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून ज्वारीची गाडी घेऊन तो बहिणीकडे, म्हणजे दादूच्या बापाच्या, श्रीपतीच्या घरी उतरला होता.

"बाई, ह्ये चावत न्हाय," मामा सांगत होता. "बांधावर गावलं. दादू म्हणाला आमच्या बाईस्नी दावू, म्हणून आणलं. भ्याचं काय काम न्हाय."

"भितंय कोण?" तू तशीच पडल्या पडल्या म्हणालीस. "पावणं, जरा गप ऱ्हावा की. तुमच्या आवाजानं त्यो उलगडंना झालाय."

पुण्याला किंडरगार्टन शिकून आलेली बाई तू, पण घाईत आलीस की गावाकडची, नेसरीची भाषा अशी भसकन बाहेर पडायची. मला हसू आलं. पण तू हात वर करून मलाही गप्प केलंस, आणि मीसुद्धा नऊवारीचा ओचा सावरत भुईवर पालथी झाले. पहिलीची बाई बिगरीत पालथी! बऱ्याच वेळानं गोळा जरा सैल झाला. आधी ओलं काळं नाक बाहेर आलं. ते वळवळलं. मग लांबट तोंड, मग केवढे तरी मोठे कान.

"साळींदराचं पिल्लू हाय!" दादू ओरडला आणि गोळा परत मिटला.

"आमच्याकडं काटंउंदीर म्हणत्यात," मामा म्हणाला.

"बघून ठरवू," तू म्हणालीस.

हे तुझं वाक्य किती वेळा ऐकलं असेन मी. आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तरी बघून ठरवू. अमकी बाई कजाग आहे म्हटलं तरी बघून ठरवू. पाच वर्षांच्या पोरांना तू तेच शिकवायला निघालीस. मामा त्याला ठेवून गेला आणि तुझा वर्ग त्या गोळ्याभोवती फिरायला लागला. कुणाच्या तरी घरातून साळींदराचा काटा आणवलास, सीमंतविधीला वापरतात तो, हातभर लांब, काळापांढरा. तो या गोळ्याच्या काट्यांशेजारी धरलास. याचे काटे नखापेक्षा थोडे मोठे. "मग पिल्लू असंल," दादू हटून बसला. "पिल्लू असेल तर वाढेल," तू म्हणालीस. "बघू या वाढतं का." तो वाढला नाही. पोरांनी रोज सुतळीनं मापलं. मग दात. त्यानं जांभई दिली तेव्हा तू सगळ्यांना दाखवलंस की उंदराचे पुढचे दात कुरतडायचे असतात, याचे तसे नाहीत. हा धान्य खात नाही. भुंगे खातो, अळ्या खातो, विंचूसुद्धा खातो. झालं, पोरं द्रोणात भुंगे घेऊन शाळेत यायला लागली. आया कपाळाला हात लावायच्या.

हेडमास्तरांच्या कपाटातल्या इंग्रजी पुस्तकात त्याच्या भावकीतल्या एकाचं चित्र सापडलं. शास्त्रीबुवांना विचारलंस, त्यांनी संस्कृत नाव सांगितलं, जाहक. पोरांना ते तोंडात बसेना. हलिमा म्हणाली, "बाई, गोळोबा म्हणू या की." तेव्हापासून गोळोबा.

गोळोबा दिवसा झोपायचा. तुझी पोरं दिवसा शाळेत. मग दिवेलागणीला पोरांना बापांच्या खांद्यांवरून परत शाळेच्या अंगणात बोलावलंस, गोळोबा जागा होताना बघायला. त्या संध्याकाळी हेडमास्तरही आले होते, नवा कोरा जोडा घालून, आणि तो दाराशी काढून ठेवला. गोळोबानं त्या जोड्याचा पट्टा चघळला, तोंडाला फेस आणला आणि मान वळवून वळवून तो फेस आपल्या पाठीच्या काट्यांना फासत बसला. कुणालाच कळेना हे काय. "असं का करतो?" हेडमास्तरांनी विचारलं. "ठाऊक नाही," तू म्हणालीस. "तुमचा जोडा आवडला असावा." त्या दिवशी हसताना श्रीपती सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. दादू त्याच्या खांद्यावर होता. हे मी विसरणार नाही.

मातीचा गोळोबा करायचा दिवस तर मी वर्ग सोडून बघायला आले. रंकाळ्याच्या काठची चिकण माती, काट्यांना खराट्याच्या काड्यांचे तुकडे, डोळ्यांना कारळे. हलिमानं पाठीला काड्या टोचल्या आणि मग पोटालाही टोचल्या, सगळीकडून. तू तिला चूक म्हणाली नाहीस. "जा, गोळोबाच्या पोटाला बोट लावून ये," म्हणालीस. तो झोपलेला होता, जरा उताणा. ती गेली, एक बोट लावलं, आणि परत आली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "मऊ हाय," म्हणाली. मग बसून पोटाची एकेक काडी उपटली. मी वर्षानुवर्षं शिकवते आहे जानकी, पण एखादी गोष्ट कळताना माणसाचं तोंड कसं होतं ते मी त्या दिवशी नीट पाहिलं. ते तू मला दाखवलंस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. उलट घरी जाताना म्हणाले, "तपासनीस आले की काय दाखवणार, माती?"

आणि ते पुस्तक. जाड पुठ्ठ्यांवर तू चित्रं काढलीस, प्रत्येकाखाली एकच वाक्य, बोटाएवढ्या अक्षरांत. हा गोळोबा. हा दिवसा झोपतो. हा भुंगे खातो. याचं पोट मऊ आहे. हलिमाचे वडील मेहबूबभाई बुकबाइंडर, त्यांनी ते तांबड्या कापडात बांधून दिलं, असं घट्ट की पोरांनी ओढलं तरी पान निघू नये. शेवटच्या पानावर गोळा काढलास आणि खाली लिहिलंस, "हा गोळा झाला की याला कुणी काही करू शकत नाही." पोरांचं हे लाडकं पान. मग तो खेळच झाला. एकजण भुईवर अंग आवळून पडायचा, बाकीची त्याला टकटक करायची, "गोळोबा, घरी हायसा का?" आणि आतून आवाज, "न्हाय!"

पुढं धान्याच्या बाजारात मेलेले उंदीर सापडले.

तुला सांगायला नको, तूच होतीस. पण मला परत सांगायचंय, कारण काल सभेत हे कुणीच बोललं नाही. सकाळी शाळा उघडायच्या आधी दारात माणसं उभी. पुढं श्रीपती. हातात काठी. हेडमास्तर मधे उभे, घामानं भिजलेले.

"शाळंत उंदीर हाय म्हणं," श्रीपती म्हणाला. जसं काही त्यानं तो कधी बघितलाच नव्हता.

"उंदीर आहे का नाही?" हेडमास्तरांनी तुला विचारलं. "एका शब्दात सांगा."

मी तुला हाताला धरून तट्ट्यामागं ओढलं. "साळींदराचं पिल्लू आहे म्हण," मी म्हणाले. "साळींदराला कोण भीत नाही. दादू पहिल्यापासून तेच म्हणतोय, ते मानतील. दुपारी त्याला गाडीत घालून लांब माळावर सोडून येऊ. मी येते बरोबर."

"पण तो साळींदर नाही."

"मला कळतंय की!"

"पोरं दारात उभी आहेत, यमुना. तो साळींदर नाही हे त्यांनी स्वतः मापून काढलंय. आता मी त्यांच्या देखत पिल्लू म्हणू?"

"पोरांना मागाहून सांग."

"मागाहून माझं कशाला खरं मानतील ती?"

एवढंच बोलणं झालं आपलं. हात सोडवून घेतलास आणि बाहेर गेलीस. तू चांगलं बोललीस, हे कबूल करते. शांतपणे, वर्गात बोलतेस तसं. दात सांगितलेस, खाणं सांगितलंस, हा धान्याला तोंड लावत नाही ते सांगितलंस. माणसं ऐकत होती. मागचे दोघेतिघे तर परत जायला वळलेसुद्धा होते. मग श्रीपतीनं विचारलं, "मग ह्याला म्हणायचं तरी काय?"

"मराठीत याला पक्कं नाव नाही," तू म्हणालीस. "काही भागात काटेउंदीर म्हणतात, पण—"

"म्हणत्यात न्हवं उंदीर?"

संपलं. पुढचं तुझं कुणी ऐकलं नाही. जानकी, अगं, तो शब्द तू स्वतःच्या तोंडानं त्यांच्या हातात दिलास! कुणी मागितला होता? नाव नाही म्हणून थांबली असतीस. गोळोबा म्हणाली असतीस. पण तुला सगळं खरं सांगायचं होतं, शेवटच्या शब्दापर्यंत खरं, समोर काठी दिसत असताना.

त्यांनी खोकं अंगणात आणून उपडं केलं. गोळोबानं त्याला येत होतं ते केलं. गोळा झाला. पोरं दारात होती. हलिमानं माझं लुगडं घट्ट धरलं होतं आणि ती काहीतरी पुटपुटत होती. मी वाकून ऐकलं. "काय हुणार न्हाय, काय हुणार न्हाय," म्हणत होती. ते शेवटचं पान पाठ होतं ना तिला.

पुढचं सांगत नाही. रॉकेल कुणी आणलं तेही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दादूनं विचारलं. त्याच्या बापानं पहिली काठी मारली होती आणि त्यानंच विचारलं. "बाई, गोळा झाल्यावर कोण काय करत न्हाय म्हणलासा न्हवं?" मी तट्ट्याच्या पलीकडून पाढे थांबवले. मग म्हणालीस, "मी चुकीचं सांगितलं. कुत्र्याकोल्ह्यापासून तो वाचतो. माणसापासून वाचत नाही." आणि पुठ्ठा घेतलास आणि पोरांच्या देखत नवं पान केलंस. चित्र नाही. नुसतं एक वाक्य: "गोळोबाला माणसांनी मारलं."

त्या संध्याकाळी मी तुझ्यावर किती ओरडले. आपल्या दोघींची एकच खोली, चुलीपुढं तू भाकरी थापत होतीस आणि मी ओरडत होते. पाच वर्षांच्या पोरांना हे लिहून द्यायचं असतं? त्यांच्या बापांनी मारलं ते? तू म्हणालीस, "त्यांनी बघितलंय यमुना. त्यांनी बघितलं ते पुस्तकात नसेल तर पुस्तक खोटं." मी म्हणाले, "मग असू दे खोटं!" तू भाकरी उलटलीस आणि काही बोलली नाहीस. तुझं हे गप्प बसणं! भांडताना समोरच्यानं बोलावं तरी.

हेडमास्तरांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून सांगितलं, ते पान फाडा. "फाडायचं असेल तर तुम्ही फाडा," तू म्हणालीस. "पण वर्गात येऊन, पोरांसमोर." त्यांच्यानं ते झालं नाही. त्यांनी पुस्तकच काढून घेतलं आणि कपाटात घालून कुलूप लावलं. गोळोबाचे मातीचे गोळेही उचलायला लावले, तपासनीस येणार म्हणून. काल ते उत्तेजन म्हणाले ते हे.

आणि प्लेग यायचा तो आलाच. उंदीर बाजारात मरत होते, गोळोबाला जाळून काय होणार होतं? पेठ रिकामी झाली, आपण सगळे माळावर आलो. मांडवात तू परत बिगरी भरवलीस. पुस्तक नव्हतं. पोरांनी ते तोंडपाठ म्हणून दाखवलं, पान उलटल्यासारखे हात करून. नवं पानही म्हणाली. मी ऐकत होते. रडली नाहीत पोरं. म्हणाली आणि पुढच्या गोष्टीला लागली. मला तेव्हा वाटलं होतं की कदाचित तुझंच बरोबर असेल. हे तुला सांगायचं राहिलं. मुद्दामच सांगितलं नाही, तू लगेच हसली असतीस.

आता प्लेगची लस टोचून घ्यायचं. दरबारचा डॉक्टर आठवड्यातून एकदा माळावर यायचा. मी पहिल्याच खेपेला टोचून घेतलं. हात सुजला, दोन दिवस ताप आला, संपलं. तुला म्हटलं चल. "पुढच्या खेपेला," म्हणालीस. "ताप आला तर वर्ग बुडेल. पोरं आत्ता कुठं बसायला लागलीत." पुढच्या खेपेला परत तेच. बघून ठरवू म्हणणारी बाई तू! टोचलेले जगतात, न टोचलेले मरतात, हे तुझ्या डोळ्यांसमोर रोज दिसत होतं. काय बघायचं बाकी होतं? गोळोबाच्या दातांबद्दल सगळ्या गावाशी भांडलीस आणि स्वतःच्या हातावर एक सुई टोचून घ्यायला तुला सवड झाली नाही. याला मी काय म्हणू? माफ करू? नाही करत.

मग दादूला ताप भरला. काखेत गाठ आली. आई त्याची आधीच गेली होती, त्याच प्लेगात, आणि श्रीपतीच्या झोपडीकडं कुणी फिरकेना. ज्यांनी त्याच्या मागं उभं राहून काठ्या उचलल्या ते सगळे लांबून जात होते. श्रीपती आपल्या दोघींच्या झोपडीसमोर येऊन उभा राहिला. आत आला नाही. "बाई, प्वार तुमचं नाव घेतंय," म्हणाला. एवढंच.

मी दारात आडवी झाले. आठवतंय ना? तुला म्हणाले, "त्याच्या घरी जायचं नाही. तुला टोचलेलं नाही. मी जाते, मला टोचलंय." आणि तू म्हणालीस, "तो तुझं नाव घेत नाही, यमुना." आणि माझ्या हाताखालून वाकून निघून गेलीस. मला तुझा इतका राग आला की मी तुझ्या मागं आले नाही. तू त्याच्या उशाशी बसून राहिलीस. पाणी पाजलंस, गोष्टी सांगितल्यास. दादू वाचला. काल तो सभेत बापाच्या मांडीवर बसला होता, मान अजून धरत नाही नीट, पण वाचला.

तुझी गाठ मांडीत आली. मग मी तुझ्याजवळून हलले नाही. त्या दिवसांबद्दल मला तुला काही सांगायचं नाही. ते माझ्यापाशीच राहू दे.

सभेतून आल्यावर संध्याकाळी श्रीपती आला. बाहेरच उभा राहिला. एवढा तालमीतला गडी, पण खांदे पडलेले. "बाई, मला कायतरी बोला की," म्हणाला. "शिव्या द्या." मी चूल फुंकत राहिले. मला खूप बोलायचं होतं. पण बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं, आणि त्याला बरं वाटावं असं मला वाटत नव्हतं. तो उभा राहून राहून गेला. तू असतीस तर त्याला आत बोलावून चहा दिला असतास. मी तू नाही.

आज सकाळी हेडमास्तरांकडे गेले आणि कपाटाची किल्ली मागितली. त्यांनी आढेवेढे घेतले. मी म्हणाले, "काल तुम्ही सगळ्या माळासमोर उत्तेजन म्हणालात. आता द्या." त्यांनी शिपायाला पेठेत पाठवलंय. पुस्तक येईल. बिगरी उद्यापासून मी घेणार आहे, पहिली आणि बिगरी एकत्र. मला चित्रं येत नाहीत, मातीला हात लावला की माझ्या हातून वेडंवाकडं काहीतरी होतं. पोरं हसतील. हसू देत.

आणि दुपारी नेसरीहून तुझा भाऊ आला.

त्याला निरोप उशिरा पोचला. वाटेत नाक्यावर अडवलं, प्लेगच्या गावात जाऊ देईनात. कसा आला कुणास ठाऊक, पाय धुळीनं मांडीपर्यंत भरलेले. तूच सांगायचीस, घरात सगळे विरोधात असताना या भावानं तुला पुण्याला नेऊन सोडलं होतं म्हणून. मी पहिल्यांदाच बघितलं त्याला. नाक तुझंच. तुझ्या बिछान्याच्या जागेवर बसला आणि भुईकडं बघत राहिला. जेवायला वाढलं, हात लावला नाही. पाणी दिलं, तेही तसंच.

मग म्हणाला, "बाई, शेवटी माझी आठवण काढलीती का तिनं?"

तू कुणाचीच आठवण काढली नव्हतीस, जानकी. माझीसुद्धा नाही. ताप डोक्यात गेल्यावर तू पाणी म्हणालीस, ऊन म्हणालीस, आणि मग तेही म्हणेनाशी झालीस. शेवटच्या दिवशी मला ओळखलंही नाहीस. मी तुझा हात धरून स्वतःचं नाव सांगत होते आणि तू माझ्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं बघत होतीस. खरं एवढंच आहे.

"काढली," मी म्हणाले. "अण्णा, अण्णा करत होती. म्हणाली, अण्णानं मला शिकवलं. अण्णाला सांग, मला काही दुखत नाही."

तो रडला. लहान पोरासारखा मोकळा होऊन, तोंडात मुंडाशाचा शेव घालून रडला. मग उठून तोंड धुतलं आणि पानावर बसला. मी भाकरी वाढली, त्यानं खाल्ली. दुसरी मागून घेतली. जाताना माझ्या पाया पडायला वाकला आणि मी मागं सरकले.

तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. तू चूल सारखी करत, माझ्याकडं न बघता म्हणाली असतीस की त्याला खरं पेललं असतं, मी त्याला विचारलं तरी का नाही. नसतं पेललं तर? मला त्या माणसाला उपाशी परत पाठवायचं नव्हतं. मी खोटं बोलले, जानकी. त्याच्या तोंडावर, डोळे न झुकवता बोलले, आणि तो परत आला तर परत बोलेन.

पटत नसेल तर ये आणि भांड माझ्याशी.